शरणागत आणि सीमेवरचे गाव

१

आपल्या मुलखातून जीव वाचवून दुसऱ्याच्या मुलखात आलेल्या माणसाला मराठीत ‘निर्वासित’ म्हणण्याचा प्रघात आहे. हिंदीत त्यालाच ‘शरणार्थी’ म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत आहेत आणि दोन्ही एकाच माणसाला लागू पडतात. तथापि त्यांचा रोख भिन्न आहे. ‘निर्वासित’ हा शब्द मागे पाहतो. या माणसाला कोणीतरी त्याच्या वस्तीतून बाहेर काढले, एवढीच वार्ता तो देतो. ऐकणाऱ्याला हळहळ वाटावी, फार तर बाहेर काढणाऱ्याचा राग यावा; याहून अधिक काही तो मागत नाही. ‘शरणार्थी’ हा शब्द पुढे पाहतो. शरण मागणारा आला असे म्हटले की ज्याच्याकडे ती मागितली तो दुसरा माणूस आपोआप डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि हा दुसरा आता काय करणार, हा प्रश्नही त्याच्याबरोबर उभा राहतो.

‘शरण’ या शब्दाचे संस्कृत कोशकार दोन अर्थ देतात : घर आणि रक्षणकर्ता. मराठीत मात्र ‘शरण येणे’ म्हणजे हार पत्करणे आणि ‘शरणागती’ म्हणजे पराभूत सैन्याने शस्त्रे खाली ठेवणे, हा अर्थ रुळला आहे. शब्दाचा भार रक्षण करणाऱ्याच्या कर्तव्यावरून हरलेल्याच्या मानहानीवर सरकला. जुना अर्थ संतांच्या वाणीत टिकून राहिला हे खरे. परंतु तेथे रक्षणकर्ता ईश्वर असल्यामुळे माणसाच्या खांद्यावर त्याचे ओझे फारसे पडत नाही. शब्दांचे अर्थ असे सरकतात तेव्हा त्यांच्यामागची एखादी नैतिक कल्पनाही अंधुक होत असते. ती पुन्हा स्पष्ट करून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या कल्पनेच्या पोटात तीन प्रश्न आहेत. शरणागताविषयीची जबाबदारी कशातून उत्पन्न होते? ती कोणाची? आणि तिचे मोल कोणी द्यायचे? प्राचीन वाङ्मयाने हे तिन्ही प्रश्न कथारूपाने विचारले आहेत. त्यांतील काही कथा प्रथम पाहू. नंतर भारत आणि म्यानमार यांच्या सीमेवरील मिझोराममधील खेड्यांत २०२१ पासून जे घडत आले आहे, त्याच्याशी त्या ताडून पाहू. सीमेवरचे खेडेच का घ्यावे, याचे कारण सरळ आहे. राजधानीत शरणागताचा प्रश्न धोरणाचा असतो. नदीकाठच्या खेड्यात तो आज रात्री चुलीवर किती तांदूळ शिजवायचे, इतका निकडीचा असतो. नैतिक कल्पनेची परीक्षा अशा ठिकाणी होते.

२

महाभारताच्या शांतिपर्वात शरणागताचे रक्षण करणाऱ्याला कोणते पुण्य लाभते, असा प्रश्न युधिष्ठिर भीष्मांना विचारतो आणि भीष्म त्याला कपोत व लुब्धक यांची कथा सांगतात. वादळात सापडलेला, थंडीने गारठलेला एक पारधी एका झाडाखाली येऊन पडतो. त्या झाडावर एक कबुतर राहते आणि त्याची मादी त्याच पारध्याच्या पिंजऱ्यात अडकलेली असते. तीच आतून नवऱ्याला सांगते की हा आपल्या दाराशी आलेला आहे, याचा सत्कार कर. कबुतर पालापाचोळा जमवून विस्तव पेटवते. आणि पाहुण्याला घालायला घरात काहीच नाही असे पाहून स्वतः त्या अग्नीत प्रवेश करते.

या कथेकडे आपण बहुधा त्यागाची कथा म्हणून पाहतो. वस्तुतः तिचे मर्म त्या पारध्याच्या निवडीत आहे. कथाकाराला एखादा थकलेला वाटसरू किंवा ब्राह्मण अतिथी सहज आणता आला असता. त्याने पारधी आणला. म्हणजे ज्याच्याशी नाते नाही, ज्याचा गुण नाही आणि ज्याचा अपराध प्रत्यक्ष पिंजऱ्यात दिसतो आहे, असा माणूस आणला. मादीने आपल्या नवऱ्यापुढे जो युक्तिवाद केला त्यात पारध्याच्या योग्यतेचा प्रश्न नाही. तो आला आहे आणि गारठला आहे, एवढ्यावर तो उभा आहे. जबाबदारी कशातून उत्पन्न होते, या पहिल्या प्रश्नाला कथेने दिलेले उत्तर असे : गरज आणि सान्निध्य यांतून. नाते आणि पात्रता यांचा तेथे विचार नाही.

दुसरी कथा श्येन आणि कपोत यांची. वनपर्वात ती एकदा उशीनर राजाच्या नावाने येते आणि पुन्हा शिबी राजाच्या नावाने. ससाण्याच्या भीतीने कबुतर राजाच्या मांडीवर येऊन बसते. राजाने स्वतःचे मांस कापून तराजूत घातले, हा भाग आबालवृद्धांस ठाऊक आहे. त्यापूर्वीचा संवाद मात्र आपण कथा सांगताना गाळतो, आणि विचाराच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. ससाणा राजाला विचारतो की हे माझे अन्न आहे. ते तू हिरावून घेतलेस तर मी मरेन, माझ्यामागे माझी बायकोमुले मरतील. एकाचा जीव वाचवून अनेकांचा घात करणारा धर्म हा धर्म कसा? प्रश्न खोटा नाही. कथाकाराने तो हिंस्र पक्ष्याच्या तोंडी घातला असला तरी त्याला मूर्ख ठरविलेले नाही. राजाही त्याचे म्हणणे नाकारीत नाही. तो म्हणतो ते एवढेच, की तुझे नुकसान मी भरून देतो. दुसऱ्या कोणाच्या अंगावरचे मांस तराजूत घालून पुण्य पदरात पाडून घेण्याचा मार्ग तेथे बंद आहे.

रामायणाच्या युद्धकांडातील बिभीषणाच्या प्रसंगी वेगळी शंका पुढे येते. शत्रूचा भाऊ आकाशमार्गाने येऊन आश्रय मागतो तेव्हा रामाच्या भोवतीचे वानरवीर त्याला हेर समजतात. सुग्रीव तर त्याला ठार मारावे असे म्हणतो. हनुमान त्याच्या वतीने बोलतो. रामाचा निर्णय आपण जाणतो. परंतु तो देताना राम कपोताच्या त्याच जुन्या कथेचा दाखला देतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सुरक्षिततेची शंका घेणे हे कवीने अधर्म मानलेले नाही. सगळ्यांना बोलू दिले आहे. शंका घेण्याचा हक्क आणि दार लावून घेण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे या सर्गांतून सूचित होते.

आपल्या या तिन्ही कथांत एक उणीव मात्र राहते. निर्णय घेणारा एकटा आहे : एक पक्षी, एक राजा, एक राम. राजाने स्वतःचे मांस कापले तर ते त्याचेच असते. पण राजाने आश्रय दिला आणि त्याचे मोल नगराला द्यावे लागले, तर? हा प्रश्न ग्रीक नाटककार ईस्किलस याने इ. स. पूर्व पाचव्या शतकात ‘शरणार्थिनी’ या नाटकात विचारला. डेनेअसच्या पन्नास मुली आपल्या चुलतभावांशी होणारा सक्तीचा विवाह टाळण्यासाठी इजिप्तहून पळून आर्गोसच्या किनाऱ्यावर येतात. आपली मूळ माता आर्गोसची होती, म्हणून आपण तुमच्या रक्ताच्या आहोत, असे त्या सांगतात. आणि हे नाते पुरेसे पडत नाही असे दिसताच, आश्रय नाकारलात तर देवांच्या मूर्तींनाच गळफास लावून घेऊ, असेही सांगतात. राजा पेलासगस कोड्यात पडतो. आश्रय द्यावा तर युद्ध, न द्यावा तर देवांचा कोप. शेवटी तो म्हणतो की लोकांना विचारल्यावाचून मी हे ठरविणार नाही. नागरिक सभेत हात वर करून आश्रय देण्याच्या बाजूने कौल देतात.

असे हे चार पदर झाले. कपोताने सांगितले की नाते पाहू नये. ससाण्याने सांगितले की मोल कोणाला तरी द्यावे लागते. सुग्रीवाने सांगितले की शंका असू शकते. आणि पेलासगसने सांगितले की ज्याला मोल द्यायचे आहे, निर्णयात त्याचा आवाज असला पाहिजे.

३

आता प्रत्यक्षाकडे वळू. मिझोरामची म्यानमारला लागून असलेली सीमा ५१० किलोमीटरची आहे. तिच्या बऱ्याच भागी तियाउ ही नदी दोन्ही देशांना विभागते. चंफाई जिल्ह्यातील झोखॉथर हे गाव या नदीच्या काठी आहे. पुलापलीकडे म्यानमारचे चिन राज्य लागते. अलीकडचे मिझो आणि पलीकडचे चिन भाषेने, धर्माने आणि कुळांनी एकमेकांच्या फार जवळचे आहेत. मिझोंच्या जुन्या समजुतीप्रमाणे मृतात्मे परलोकी जाताना ज्या रिह सरोवरावरून जातात, ते सरोवरही सीमेपलीकडे, म्यानमारात आहे. ज्या लोकांच्या परलोकाची वाटच परदेशातून जाते, त्यांना नकाशावरची रेघ कितपत खरी वाटत असेल, याची कल्पना यावरून यावी.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर काही आठवड्यांतच पोलीस, कर्मचारी, लोकप्रतिनिधी आणि सामान्य खेडूत तियाउ ओलांडू लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत थांतलांग हे चिन राज्यातील गाव जाळले गेले आणि तेथील वस्ती जवळजवळ पूर्णपणे उठली. पुढे मिझोराममधील आश्रितांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

१० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने ईशान्येकडील सीमावर्ती राज्यांना पत्र पाठविले. परकीयांना निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही, भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर व १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही, सबब हा ओघ थांबवावा, असा त्याचा आशय होता. शेजारच्या मणिपुरात त्या महिन्याच्या अखेरीस, अन्न व निवारा देण्यासाठी छावण्या उघडू नयेत असा आदेश निघाला आणि लोकक्षोभ होताच तीन दिवसांत मागे घ्यावा लागला. मिझोरामचे तत्कालीन मुख्यमंत्री झोरमथंगा यांनी १८ मार्च रोजी पंतप्रधानांना पत्र लिहून आपले राज्य या दुःखाकडे पाठ फिरवू शकत नाही, असे कळविले.

पत्रव्यवहार चालू असता गावे थांबली नव्हती. गावोगावच्या लोकांनी बांबू तोडून, ताडपत्र्या बांधून निवारे उभे केले. तांदूळ, भाजी, जुने कपडे गोळा केले. १९३५ साली स्थापन झालेल्या यंग मिझो असोसिएशन या संस्थेच्या शाखा गावोगाव आहेत. गावात मृत्यू झाला की कबर खणण्यापासून सारी कामे तिचे तरुण करीत असतात. तेच तरुण या कामाला लागले. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस राज्याच्या शिक्षण खात्याने सीमेपलीकडून आलेल्या मुलांना सरकारी शाळांत प्रवेश द्यावा असे कळविले. कायद्याच्या भाषेत ही माणसे निर्वासित नव्हती, कारण तसा कायदाच नव्हता. गावाच्या व्यवहारात मात्र ती शेजारी झाली होती.

हे कसे घडले, याचे उत्तर मिझो भाषेतील एका शब्दात शोधले जाते : ‘त्लॉमङाइना’. या शब्दाला मराठीत एका शब्दाचा प्रतिशब्द नाही. दुसऱ्यासाठी स्वतः कष्ट सोसावेत, त्याचा बोलबाला करू नये, संकटात मागे हटू नये, आपल्यापेक्षा दुबळ्याला आधी वाट द्यावी, अशा अनेक वृत्ती त्यात एकवटल्या आहेत. पूर्वी गावातील अविवाहित तरुण रात्री ‘झॉलबूक’ या सामायिक घरात राहत आणि तेथे हे वळण त्यांना लागे. वाटून खाणारे जगतात आणि एकटे खाणारे मरतात, अशा अर्थाची एक म्हणही त्या भाषेत आहे. बांबूला फुलोरा येऊन उंदरांचा सुळसुळाट होतो आणि पिके नष्ट होतात, असे दुष्काळ ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले, त्यांच्या भाषेत ही म्हण असावी हे स्वाभाविक आहे.

परंतु या शब्दाइतकेच महत्त्व स्मृतीला आहे. फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीस मिझो बंडाला तोंड फुटले. मार्चमध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी ऐजॉलवर मारा केला. पुढच्या वर्षापासून खेडी उठवून रस्त्यालगतच्या पहाऱ्याखालच्या वसाहतींत कोंबण्यात आली. त्या दिवसांत अनेक मिझो कुटुंबे हीच तियाउ उलट दिशेने ओलांडून चिन टेकड्यांत गेली आणि तेथील लोकांनी त्यांना ठेवून घेतले. खुद्द झोरमथंगा हे त्या बंडातले. त्यांनीही पुढे बरीच वर्षे परमुलखात काढली. १९८६ च्या करारानंतर ती पिढी परतली. सीमेवरच्या गावातील म्हाताऱ्या माणसांना पलीकडून येणारा माणूस परका वाटत नाही, कारण त्याच्या जागी ती स्वतः एकदा उभी होती. पेलासगसपुढे डेनेअसच्या मुलींनी केवळ वंशावळ मांडली होती. येथे वंशावळीच्या जोडीला परतफेडीचे ऋणही आहे.

४

इथपर्यंतची हकीकत वाचून आनंद वाटावा, हे योग्यच आहे. परंतु विवेचन येथेच थांबविले तर ते गौरवलेख होईल. नाते आणि ऋण यांवर उभी राहिलेली जबाबदारी जितकी बळकट, तितकीच ती मर्यादित असते, हेही याच प्रदेशाचा इतिहास दाखवितो.

१९९७ साली पश्चिम मिझोराममधील ब्रू, म्हणजे रियांग, या जमातीचे हजारो लोक वांशिक तणावामुळे घरदार सोडून त्रिपुरात गेले. ते मिझोरामचेच रहिवासी होते. परंतु भाषेने व परंपरेने ते वेगळे. दोन दशकांहून अधिक काळ ते छावण्यांत राहिले आणि अखेर १६ जानेवारी २०२० च्या करारान्वये त्यांना त्रिपुरातच वसविण्याचे ठरले. दुसरे उदाहरण २००३ चे. १९८८ नंतर म्यानमारातील दडपशाहीमुळे आणि दारिद्र्यामुळे चिन लोक मिझोरामात आले होते, विणकाम व मजुरी करून राहत होते. एका अत्यंत निंद्य गुन्ह्याचा आळ त्यांच्यातील एकावर आला आणि स्थानिक संघटनांच्या पुढाकाराने त्या हजारोंना, एकाच्या अपराधापायी, सीमेपार घालविण्यात आले. म्हणजे ज्यांना २०२१ मध्ये भाऊ म्हणून जवळ केले, त्यांनाच अठरा वर्षांपूर्वी परके म्हणून बाहेर काढले होते. नदी तीच, कुळे तीच, ‘त्लॉमङाइना’ हा शब्दही तोच.

यावरून मिझो समाजाला दूषण देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, असे नाही. आपापल्या गावाशी प्रामाणिकपणे तुलना करून पाहणारा वाचक तसे करणार नाही. निष्कर्ष निराळाच आहे. नाते ही परिस्थितीप्रमाणे आखडणारी व पसरणारी वस्तू आहे. भीती वाढली की नाते आखडते. समान शत्रू दिसला की ते पसरते. तेव्हा शरणागताचा जीव नात्याच्या मापावर टांगून ठेवणे धोक्याचे आहे. कथाकाराने कबुतराच्या दाराशी पारधी का आणला, याचे उत्तर येथे मिळते. नातलगाला घरात घेणे हे प्रेम आहे. प्रेमाला धर्माची आज्ञा लागत नाही. धर्माची आज्ञा लागते ती प्रेम जेथे पोहोचत नाही तेथे.

तो पारधीही झोखॉथरला आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये चिन बंडखोरांनी सीमेलगतची लष्करी ठाणी जिंकली तेव्हा दोन दिवसांत सुमारे पाच हजार माणसे पूल आणि नदी ओलांडून आली. आणि त्यांच्या पाठोपाठ, पराभूत झालेले म्यानमारचे काही डझन सैनिकही जीव वाचविण्यासाठी आले. ज्या सैन्याच्या भीतीने गावे उठली होती, त्याच सैन्यातील माणसे त्याच काठावर उभी होती. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, आणि सरकारने त्यांना त्यांच्या देशाच्या लष्कराच्या हवाली केले. सैनिकाचा प्रश्न नागरिकाच्या प्रश्नाहून भिन्न आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि हरलेला मारेकरी आणि त्याने घराबाहेर काढलेला माणूस एकाच वेळी एकाच दाराशी येऊ शकतात, हे कपोताच्या कथेतील कल्पनारम्य वाटणारे दृश्य तेथे अक्षरशः खरे झाले.

५

आता ससाण्याच्या प्रश्नाकडे वळणे भाग आहे. गरीब खेड्याने किती दिवस आणि कोणाच्या वाटणीचे द्यायचे? २०२१ मध्ये आलेली कुटुंबे काही महिन्यांत परततील असे वाटले होते, वर्षे लोटली. नोव्हेंबर २०२२ पासून बांगलादेशातील चितगाव डोंगराळ भागातून बॉम लोक दक्षिण मिझोरामात येऊ लागले. ३ मे २०२३ रोजी मणिपुरात हिंसाचार उसळल्यावर तेथून कुकी-झो समाजाची दहा हजारांहून अधिक माणसे आली. डोंगरउतारावर झूम शेती करणाऱ्या गावाच्या तांदळाला, पाण्याला आणि जळणाला मर्यादा असते. आश्रितांमुळे मजुरीचे दर पडतात, चोरटा व्यापार वाढतो, अशा तक्रारी उठतात. त्या करणारा प्रत्येक जण निर्दय असतो असे मानणे म्हणजे ससाण्याचे म्हणणे न ऐकताच शिबीला वंदन करण्यासारखे आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने, सीमेच्या दोन्ही बाजूंना सोळा किलोमीटरपर्यंत परवान्यावाचून ये-जा करण्याची मुभा रद्द करण्याचा आणि सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय जाहीर केला. मिझोराम विधानसभेने त्याच महिन्याच्या २८ तारखेला ठराव करून त्याला विरोध दर्शविला. वर्षअखेरीस दहा किलोमीटरची मर्यादा आणि पासाची अट घालून नवी व्यवस्था आणण्यात आली. शस्त्रे आणि अमली पदार्थ यांची ने-आण ही केंद्राची चिंता खोटी नाही. सुग्रीवाला बोलू दिलेच पाहिजे. परंतु पेलासगसची अटही विसरता येणार नाही. कुंपणामुळे ज्याचे शेत दुभंगणार आणि ज्याच्या ओसरीवर आश्रित झोपणार, त्या गावाचा कौल विचारात न घेता घेतलेला निर्णय, तो आश्रय देण्याचा असो की नाकारण्याचा, नैतिक दृष्ट्या अपुराच राहतो.

निर्णय घेणारा एक आणि मोल देणारा दुसरा, अशी फाटाफूट झाली की शिबीचा तराजू बिघडतो. राजधानी उदार होते आणि खेडे उपाशी राहते. किंवा खेडे उदार होते आणि राजधानी त्याच्याकडे संशयाने पाहते. यातून वाट एकच. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात साऱ्या देशाचे मांस पडले पाहिजे.

हे अशक्य नाही, याचे प्रमाण आपल्याच इतिहासात आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणसे भारतात आली. एकट्या त्रिपुरात, जेथील मूळ लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास होती, सुमारे चौदा लाख आली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून देशभर टपालावर पाच पैशांचे शरणार्थी-साहाय्याचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. आगरताळ्याचे नावही न ऐकलेला सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील माणूस मुलाला पत्र धाडताना ते पाच पैसे देत होता. तिकीट क्षुल्लक होते. त्यामागचा विचार क्षुल्लक नव्हता. सीमा ज्याच्या दारात आहे त्यानेच सर्व सोसावे हा केवळ भूगोलाचा अपघात आहे, आणि त्या अपघाताचे निवारण करणे हेच राष्ट्र या संस्थेचे एक काम आहे, असे ते पाच पैसे सांगत होते.

महाराष्ट्रालाही असा एक धडा ठाऊक आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. महायुद्धाच्या आरंभी त्यांना सायबेरियाकडे हद्दपार करण्यात आले होते. भाषा, धर्म, वर्ण, आहार यांपैकी कशानेही करवीरच्या पंचक्रोशीशी त्यांचे नाते नव्हते. तरी ती वसाहत तेथे नांदली. याचे एक कारण माणसांचा चांगुलपणा. दुसरे, तितकेच महत्त्वाचे कारण असे, की वसाहतीच्या खर्चाचा भार शेजारच्या शेतकऱ्यावर नव्हता, तो लंडनमधील पोलंडच्या परागंदा सरकारने उचलला होता. पाहुण्याचे ओझे वाटले गेले म्हणजे नाते नसतानाही शेजार जमतो. ओझे एकावरच पडले म्हणजे नाते असतानाही तो मोडतो. २००३ चे मिझोराम आणि १९४३ चे वळिवडे यांना शेजारी ठेवून पाहिले की हे कळते.

कायद्याकडूनही काही अपेक्षा ठेवता येते. भारताने आंतरराष्ट्रीय करारावर सही केली नसली तरी राज्यघटनेचा २१ वा अनुच्छेद जीविताचे संरक्षण केवळ नागरिकाला देत नाही, कोणत्याही व्यक्तीला देतो. आणि अरुणाचल प्रदेशातील चकमा लोकांच्या प्रकरणी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याला त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचे आदेश दिले. कायदा माणसाला प्रेम करायला शिकवीत नाही. नाते जेथे आखडते तेथे माणसाचा जीव जाऊ नये, एवढा तळ मात्र तो घालून देऊ शकतो.

शेवटी साहित्याविषयी. निर्वासिताच्या दुःखाचे साहित्य भारतीय भाषांत विपुल आहे. फाळणीने पंजाबी, उर्दू, हिंदी, बंगाली आणि सिंधी या भाषांना फार मोठे कथाधन दिले. त्या कथांचा डोळा बहुतकरून घर सोडणाऱ्याकडे असतो आणि ते योग्यही आहे, कारण घाव त्याचा असतो. ज्याच्या दाराशी तो येतो, त्या माणसाच्या मनात काय चालते, त्याची दया पहिल्या रात्री कशी असते आणि तिसऱ्या वर्षी कशी होते, घरातील तांदूळ मोजणाऱ्या बाईला काय वाटते, हा विषय त्या मानाने थोडा हाताळला गेला. महाभारतकाराला आणि ईस्किलसला तो आधी दिसला होता. पिंजऱ्यातून नवऱ्याशी बोलणारी कपोती आणि सभेत हात वर करणारा आर्गोसचा अनामिक नागरिक ही माणसे आधुनिक कथेत पुन्हा यावयाची आहेत, आणि तियाउच्या काठी ती आजही राहतात. ती कथेत आली तर ‘निर्वासित’ या शब्दाने मागे वळविलेली आपली नजर कदाचित पुढे वळेल, आणि ‘शरण’ म्हणजे घर, हा अर्थ मराठीला पुन्हा आठवेल.